ताठ झालेला चिमटा

डोंगरवाटेसाठी बनविलेल्या सायकलीची एक तक्रार दुरुस्तीच्या दुकानात वारंवार ऐकू येते. ‘पुढचा चिमटा दबत नाही, ताठ झाला आहे.’ तक्रार चार शब्दांची. परंतु वैद्याकडे जाऊन ‘पोट दुखते’ एवढेच सांगणाऱ्या रोग्याप्रमाणे ह्या सायकलस्वारानेही फारच थोडे सांगितलेले असते. हवा जास्त भरली म्हणून चिमटा ताठ होतो, आतले तेल आटले म्हणून ताठ होतो, आणि कुठे तरी आपटून नळी वाकली तरी तो ताठच होतो. पहिल्या दुखण्याचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. दुसऱ्याला एक दुपार पुरते. तिसरे दुखणे अंगावर काढून ती सायकल घाटातून खाली नेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि तिन्ही प्रसंगी दुकानदाराचा सल्ला पुष्कळदा एकच असतो: नवा चिमटा घ्या.

चिमट्याचे काम हातांना सुख देण्याचे, असा समज सर्वत्र आहे, आणि तो निम्माच खरा आहे. बेळगावाहून गोव्याकडे उतरताना चोर्ल्याच्या आसपासच्या एखाद्या दगडाळ पायवाटेवर वेगाने जाणाऱ्या सायकलीचे पुढचे चाक धोंड्यावर आदळले, असे समजावे. चिमटा दबला तर चाक एकटेच वर जाते. हँडल आणि स्वार जवळजवळ जागच्या जागी राहतात, आणि धोंडा ओलांडताच चाक पुन्हा जमिनीला टेकते. चिमटा दबला नाही, तर सायकलीचा सारा पुढचा भाग स्वारासकट उचलला जातो. चाक अधांतरी असेपर्यंत ते वळवूनही उपयोग नाही आणि ब्रेक दाबूनही नाही. वळणावर नेमका असा क्षण आला, तर स्वार दरीच्या बाजूला जातो की डोंगराच्या, हे त्याच्या हाती राहत नाही. मनगटे दुखणे, बोटे बधिर होणे ही ह्या ताठरपणाची सौम्य लक्षणे होत.

सायकलीला असा दबणारा चिमटा फार उशिरा मिळाला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मॅरिन नावाचा परगणा आहे. तेथील फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकलींची शर्यत लावली. दोन मैलांहून कमी अंतरात ती वाट सुमारे 1300 फूट खाली येते. उलटे पायडल मारून लागणारा त्या सायकलींचा ब्रेक इतका तापे, की हबातले ग्रीस जळून धूर निघे, आणि नंतर हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही मंडळी ह्याच परिसरातली. त्यांनी सांगाडे मजबूत केले, गिअर बसविले, ब्रेक सुधारले. चिमटा मात्र पूर्वीसारखाच सरळसोट राहिला. धक्के सोसायचे ते टायरने आणि मनगटांनी.

मोटारसायकलीने हा प्रश्न कितीतरी आधी सोडविला होता. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने 1935 साली आपल्या आर-12 ह्या गाडीला एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा आणि तेलाने उसळी आवरणारा चिमटा बसविला. सायकलीकडे ही युक्ती येण्यास पन्नासांहून अधिक वर्षे लागली. मोटारसायकलींच्या शर्यतीत यंत्रज्ञ म्हणून काम केलेल्या पॉल टर्नर ह्याने 1989 साली रॉकशॉक्स ही कंपनी काढली. तिच्या आर. एस.-1 ह्या पहिल्या चिमट्याचा दबण्याचा पल्ला जेमतेम दोन इंच होता. एवढ्याशा पल्ल्यासाठी इतके वजन कोण वागविणार, अशी शंका त्या वेळी घेतली गेली. परंतु 1990 साली कोलोरॅडो राज्यातील दुरँगो येथे भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड ह्याने उताराची शर्यत ह्याच चिमट्यावर जिंकली आणि शंका मावळत गेली. त्याच सुमारास कोलोरॅडोतच डग ब्रॅडबरी ह्याने मॅनिटू नावाचा चिमटा काढला; त्यात स्प्रिंगेच्या जागी रबरासारख्या पदार्थाचे ठोकळे एकावर एक रचलेले असत. 1996 साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलींच्या शर्यतीला स्थान मिळाले, तोवर सरळसोट चिमटा मागे पडू लागला होता. आज तर अगदी स्वस्त सायकलीलाही दबणारा चिमटा असतो, कारण तो नसला तर गिऱ्हाईक सायकलीकडे वळूनही पाहत नाही. त्यातले काही चिमटे शोभेपुरतेच असतात, हे पुढे येईलच.

दुखण्याचे मूळ शोधावयाचे तर आतली रचना ठाऊक हवी. हँडलाकडून खाली येणाऱ्या दोन गुळगुळीत नळ्या असतात. त्या खालच्या दोन पोकळ पायांत सरकतात, आणि हे दोन पाय चाकावरून जाणाऱ्या एका कमानीने जोडलेले असतात. पायांच्या आत प्रत्येकी दोन बुश बसविलेले असतात. नळी त्यांवर घासत वरखाली होते. पायाच्या तोंडाशी रबरी सील असते. ते बाहेरची धूळ बाहेर आणि आतले तेल आत ठेवते. चांगल्या चिमट्यात सीलाखाली स्पंजाचे एक कडे असते. ते तेलाने भिजलेले राहिले की नळीला प्रत्येक फेरीत तेलाचा पातळसा हात मिळतो. एका पायात स्प्रिंग असते, लोखंडी किंवा हवेची. दुसऱ्या पायात बहुधा डॅम्पर असतो. त्यात तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेत विरून जाते. डॅम्पर नसता, तर दबलेली स्प्रिंग स्वाराला घोड्यासारखी उडवीत राहिली असती.

म्हणजे चिमटा दाबताना तीन गोष्टी आडव्या येतात: स्प्रिंग, तेल आणि घर्षण. तिघांचे स्वभाव निराळे आहेत, आणि रोगाची परीक्षा ह्या स्वभावभेदावरच करता येते. स्प्रिंगेचा विरोध चिमटा किती दबला ह्यावर अवलंबून असतो. रॉबर्ट हूक ह्याने 1678 साली प्रसिद्ध केलेला नियम हाच: जितके दाबावे तितका विरोध. हवेची स्प्रिंग ह्याच्या पुढे जाते. बंद हवेची जागा निम्मी केली की तिचा एकूण दाब दुप्पट होतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात ती झपाट्याने कडक होते. तेलाचा विरोध चिमटा किती वेगाने दबतो ह्यावर ठरतो. सावकाश दाबले तर तेल मुकाट्याने वाट देते, झटका दिला तर अडून बसते. घर्षणाला अंतराशी कर्तव्य नाही आणि वेगाशीही फारसे नाही. ते पहिल्या हालचालीच्या आधीच आडवे येते, आणि त्याच्यावर मात होईपर्यंत चिमटा जागचा हलत नाही. मोठ्या खड्ड्यात बरा चालणारा, पण खडीच्या रस्त्यावर काठीसारखा वागणारा चिमटा घर्षणाने आजारी आहे, असे बहुतेक वेळा खुशाल समजावे.

परंतु चिमटा उघडण्यापूर्वी ज्या गोष्टी पाहावयाच्या त्या इतक्या साध्या आहेत, की त्या विचारण्याचा संकोच वाटतो. पुष्कळ चिमट्यांच्या डोक्यावर उजवीकडे एक खटका असतो. डांबरी सडकेवर चढ चढताना चिमटा डोलू नये म्हणून तो बंद करण्याची ही सोय आहे. तो फिरविला की तेलाची वाट बंद होते. काही सायकलींत हा खटका हँडलावर असून तारेने ओढला जातो. तार गंजली वा तिचे वेष्टन आकसले, की खटका उघडा दिसला तरी आतली झडप अर्धी बंदच राहते. तार सोडून झडप हाताने फिरवून पाहिली म्हणजे संशय फिटतो.

दुसरी गोष्ट टायरची. साध्या काळ्या सायकलीच्या सवयीने दोन इंची जाड टायरातही दर चौरस इंचाला 50-60 पौंड हवा ठोकून भरणारे लोक थोडे नाहीत. अशा टायरला बहुतेक स्वारांसाठी कच्च्या वाटेवर 25 ते 35 पौंड पुरतात. लहान खड्यांचे धक्के प्रथम टायरने गिळावयाचे असतात. टायर दगडासारखा असेल तर त्याचा दोष विनाकारण चिमट्याच्या माथी येतो.

त्यानंतर स्वाराच्या वजनाने चिमटा किती बसतो ते मोजावे. वरच्या नळीवर एक रबरी कडी असते. नसल्यास बारीक दोरा सैलसर बांधला तरी चालतो. ती कडी सीलाला टेकवून ठेवावी. स्वाराने नेहमीच्या पोशाखात, पाण्याची बाटली व पिशवी घेऊन, भिंतीच्या आधाराने दोन्ही पायडलांवर उभे राहावे आणि उसळी न देता अलगद खाली उतरावे. कडी जितकी वर सरकली तितका चिमटा बसला. एकूण पल्ल्याच्या 15 ते 25 टक्के हा सर्वसाधारण मेळ आहे. 100 मिलिमीटर पल्ल्याच्या चिमट्यात 15 ते 25 मिलिमीटर. केवळ उतारासाठीच्या सायकलीत तो 30 टक्क्यांपर्यंतही ठेवतात. कडी पाच-सात मिलिमीटरच सरकली तर हवा जास्त आहे, स्प्रिंग स्वाराच्या मानाने कडक आहे, किंवा घर्षण आडवे येते आहे.

हवेच्या चिमट्यात ती भरण्याची रीतही सांभाळावी लागते. व्हॉल्व्ह मोटारीच्या टायरसारखाच असल्यामुळे तिथे टायरचा पंप लावण्याचा मोह होतो; तो टाळावा. आतली जागा इतकी लहान असते, की मोठ्या पंपाच्या दोन-तीन झटक्यांत दाब कुठल्या कुठे जातो. त्यासाठी बारीक तोंडाचा, दाबाचा काटा असलेला खास पंप मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे, आत हवेचे दोन कप्पे असतात. मोठा कप्पा चिमटा वर ढकलतो, लहान कप्पा त्याला थोडा खाली ओढून पहिली हालचाल मऊ करतो. आजच्या बहुतेक चिमट्यांत लहान कप्पा मोठ्यातूनच भरतो, आणि तोही चिमटा थोडा दबल्यावर. म्हणून एकदम सगळी हवा न भरता वीस-वीस पौंडांनी भरावी, आणि प्रत्येक वेळी चिमटा आठ-दहा वेळा सावकाश दाबून सोडावा. ही खटपट टाळली तर लहान कप्पा उपाशी राहतो. पंपावरचा आकडा बरोबर दिसतो, पण चिमटा सुरुवातीलाच लाकडासारखा लागतो. ह्याच्या उलट, दोन कप्प्यांमधले सील फाटले तर हवा लहान कप्प्यात शिरून अडकते आणि चिमटा आखूड होऊन बसतो. अशा वेळी आणखी हवा भरून काही साधत नाही; सीलच बदलावे लागते.

ह्या साध्या गोष्टी तपासूनही ताठरपणा राहिला, म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. सायकल टेकू देऊन उभी करावी, सगळे खटके व स्क्रू मोकळे करावे, आणि व्हॉल्व्हची सुई दाबून हवा सोडावी. तोंड बाजूला ठेवावे, आणि हवा थोडी थोडी सोडून मधून मधून चिमटा हलवावा. नाहीतर लहान कप्प्यातली हवा मागे राहून चिमटा खाली ओढला जातो. हवा गेली की स्प्रिंग खेळातून बाद झाली. आता हँडल धरून चिमटा अतिशय सावकाश दाबावा. सावकाश दाबल्यामुळे तेलही बाद झाले. तरीही तो अडखळला, मध्येच चिकटला, ‘कर्र’ वाजला, तर उरलेला गुन्हेगार घर्षण हाच. सावकाश दाबल्यावर लोण्यासारखा सरकला, पण झटक्याने दाबताच अडला, तर दोष डॅम्परात आहे. दोन्ही रीतींनी मोकळा असेल तर यंत्र निर्दोष आहे. हवेचा हिशेब तेवढा पुन्हा बसवावा. साधा पंप आणि पाच मिनिटे एवढ्यावर ही परीक्षा होते, आणि तरीही ती न करता चिमटे मोडीत काढले जातात.

घर्षण ठरले तरी ते कुठे आहे हे पाहावयाचे उरते. चाक काढून, आस बाजूला ठेवून पुन्हा सावकाश दाबावे. आता चिमटा मोकळा झाला तर दुखणे चिमट्यात नव्हतेच. चाकाच्या हबात होते. हबाची रुंदी चिमट्याच्या दोन पायांमधील जागेशी जुळली नाही, की आस आवळताना पाय आत ओढले जातात किंवा बाहेर फाकतात. पाय समांतर राहिले नाहीत म्हणजे नळ्या बुशांत तिरप्या घासतात. दुसऱ्या सायकलीचे चाक उसने बसविल्यावर, किंवा हबाच्या टोकाची टोपी हरवल्यावर असे हमखास होते. काही चिमट्यांत आस एका पायाला घट्ट बसते आणि दुसऱ्या पायात वेगळ्या स्क्रूने पकडली जाते. तेथे आधी आस बसवावी, चिमटा काही वेळा दाबून पाय आपोआप जागेवर येऊ द्यावे, आणि मग तो स्क्रू आवळावा. क्रम उलटा झाला तर नवाकोरा चिमटाही कुरकुरतो.

चाक काढूनही अडखळणे राहिले तर मात्र आतली कोरड आणि मळ हेच कारण बहुधा निघते. गोव्याकडची जांभ्या दगडाची तांबडी धूळ पिठासारखी बारीक असते. ती सीलाच्या ओठाला चिकटते, आतल्या तेलात मिसळते आणि पॉलिश कागदासारखी नळीचा मुलामा घासू लागते. पावसाळ्यात चिखल आणि किनाऱ्याची खारट हवा हिच्या मदतीला येतात. त्यात भर म्हणून पुष्कळ सायकली मोटारींच्या सर्व्हिस स्टेशनवर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धुतल्या जातात. तो फवारा सीलावर धरला की धूळ निघत नाही, आत जाते. बरोबर पाणीही जाते. वरून सायकल लखलखीत दिसते. खाली, पायांच्या तळाशी, तेलाऐवजी करडा चिखल साचलेला असतो.

येथे घरगुती उपायांचा धोका सांगितला पाहिजे. ताठ चिमट्यावर रॉकेल, पेट्रोल किंवा गंज सोडविणारा फवारा मारण्याची पद्धत आहे. दोन दिवस चिमटा खरोखर हलका चालतो, म्हणून ती पद्धत टिकून आहे. परंतु हे पातळ द्रव सीलाच्या आत शिरून स्पंजातले उरलेसुरले तेलही धुऊन नेतात, आणि त्यातले काही रबर फुगवितात. तिसऱ्या दिवशी चिमटा आधीपेक्षा अधिक कोरडा असतो. सायकलीच्या साखळीचे तेल वर सोडले तर त्यावर धूळ बसून तिचे खरड तयार होते. सीलासाठी बनविलेले ग्रीस बोटाच्या टोकावर घेऊन नळीला लावावे, चिमटा दहा-वीस वेळा दाबावा आणि वर आलेला काळा मळ स्वच्छ फडक्याने पुसावा, एवढेच बाहेरून करण्यासारखे आहे. सायकल रात्रभर उलटी टांगून ठेवली तर तळाचे तेल खाली उतरून स्पंजाची कडी भिजतात, आणि किरकोळ कोरडेपणा एवढ्यानेही जातो. मात्र ब्रेकची नळी तेलाची असेल तर सुलटी केल्यावर खटका काही वेळा दाबून पाहावा.

खरा उपाय पाय उतरवून साफ करणे हाच. रॉकशॉक्सच्या पुस्तिकांत ही सफाई दर 50 तासांच्या स्वारीनंतर आणि आतल्या डॅम्पर-स्प्रिंगेची दुरुस्ती दर 200 तासांनंतर सांगितलेली असते. आठवड्यातून चार तास डोंगरात जाणाऱ्याचे 50 तास तीन महिन्यांत भरतात. आपल्याकडे चिमटा तीन तीन वर्षे उघडला जात नाही, आणि मग तो बिघडला असे म्हणतात.

काम अवघड नाही, परंतु त्याचा एक नियम प्राणांतिक आहे: हवा पूर्ण सोडल्याशिवाय कुठलाही बोल्ट सैल करू नये. दाबाखाली उघडलेला चिमटा आतला भाग गोळीसारखा बाहेर फेकू शकतो. हवा सोडल्यावर पायांच्या तळाचे दोन बोल्ट तीन-चार आटे सैल करावे, त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकून आतले दांडे सोडवावे, आणि मग बोल्ट काढून पाय खाली ओढावे. खाली थाळी हवीच, कारण जुने तेल वाहते. आणि ते ब्रेकच्या तबकडीवर पडले तर ब्रेक निकामी होतो, म्हणून चाक दूर ठेवावे. नळ्या, बुश, सीलांची आतली बाजू धागे न सुटणाऱ्या फडक्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलाने पुसावी. स्पंजाची कडी काढून धुवावी किंवा नवी घालावी, आणि नव्या तेलात भिजवून बसवावी. पाय चढविताना सीलाचा ओठ दुमडू नये, ह्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. तळाच्या भोकांतून प्रत्येक पायात पुस्तिकेत दिले असेल तेवढेच तेल घालावे. ते पाच-दहा मिलिलिटर, क्वचित वीस, इतके थोडे असते. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा स्वयंपाकघरातला न्याय येथे लावू नये. तेल दाबले जात नाही. जास्त झाले तर पायातल्या हवेची जागा खाते आणि चिमटा शेवटच्या टप्प्यात पुन्हा ताठ होतो. वापरलेले बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळावे. तळाचे दांडे ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांचे आटे सहज जातात.

आता स्वस्त सायकलींचे. त्यांच्या चिमट्यांत लोखंडी स्प्रिंग असते, नळ्या बहुधा 28 मिलिमीटरच्या पोलादी, आणि बुश पुष्कळदा प्लॅस्टिकचे. तेलाची सोय नसते. कारखान्यात चोपडलेले ग्रीस हाच काय तो आधार. वर्ष-दोन वर्षांत ते वाळून मेणासारखे होते. हा चिमटाही तळाचे बोल्ट काढून उघडता येतो, आणि जुने ग्रीस खरवडून नवे, रबराला न खाणारे ग्रीस भरल्यावर तो जितका सुधारतो तितका मालकाला विश्वास बसत नाही. डोक्यावर जी फिरकी असते तिच्याविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. ती सोडली की स्प्रिंग मऊ होते असे लोक मानतात. फिरकीने स्प्रिंगेवर आधीपासून असलेला ताण कमी-जास्त होतो. स्प्रिंगेचा मूळ कडकपणा तसाच राहतो. म्हणून पूर्ण सोडूनही चिमटा ताठ लागत असेल तर फिरकीशी भांडण्यात अर्थ नाही.

ह्या स्प्रिंगेचा अन्याय सर्वांत जास्त सोसावा लागतो तो हलक्या वजनाच्या स्वारांना. एका नमुन्याच्या हजारो सायकलींत एकच स्प्रिंग बसते, आणि ती सर्वसाधारण भारदस्त पुरुषाच्या बेताची असते. 45-50 किलो वजनाची कॉलेजातली मुलगी किंवा चौदा वर्षांचा मुलगा त्या सायकलीवर बसला, तर चिमटा जवळजवळ हलतच नाही. तिने तक्रार केली की दुकानात कुणी धडधाकट माणूस हँडलावर अंगाचा भार टाकतो, चिमटा दबतो, आणि ‘हा पाहा, चालतो की!’ असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा आहे. चिमटा तिच्या वजनाखाली चालला पाहिजे, दुकानदाराच्या नव्हे. काही कंपन्या त्याच चिमट्यासाठी मऊ स्प्रिंग स्वतंत्र देतात; ती मागवावी. न मिळाल्यास फिरकी पूर्ण सोडून, ग्रीस बदलून, टायरचा दाब उतरवून जेवढे मिळेल तेवढे घ्यावे. आणि नवी सायकल घेताना शक्य तर हवेचाच चिमटा घ्यावा, कारण हवा ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे ठेवता येते.

उरलेली कारणे थोडक्यात सांगता येतील. रबरी ठोकळ्यांचे जुने चिमटे कुणाच्या माळ्यावर असतील तर त्यांतले ठोकळे वयाने कडक झालेले किंवा विरघळून चिकट झालेले सापडतात. त्यांना उपाय नाही, बदलच. थंडीत तेल घट्ट होते, म्हणून ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या पहाटे जो चिमटा जड वाटतो तोच दहा वाजता सुधारतो. त्यासाठी काही उघडू नये. एक खडा झेलल्यावर बरा, पण लागोपाठ पाच-सहा खडे आले की ताठ, असे होत असेल तर परत उसळण्याचा वेग फार कमी ठेवलेला आहे. हैदराबादेकडच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खडकांवर हे चटकन ध्यानात येते: चिमटा वर येण्यापूर्वीच पुढचा धक्का बसतो, आणि तो प्रत्येक धक्क्याला थोडा थोडा खाली बसत जातो. खालचा, बहुधा तांबडा स्क्रू दोन-तीन टिचक्या सैल केला की हे थांबते. समुद्रकाठी जोडलेला चिमटा लडाखसारख्या उंच प्रदेशात नेला, तर पायांत कोंडलेली हवा बाहेरच्या विरळ हवेच्या मानाने जड ठरते आणि सीलावर आतून रेटा देते. नव्या काही चिमट्यांना ती सोडण्याचे बटणच असते.

शेवटचे कारण वाकलेल्या नळीचे. सायकल कुठे समोरून आपटली असेल, आणि त्यानंतर चिमटा एका ठरावीक जागी येऊन अडत असेल, तर हा संशय आधी घ्यावा. पाय उतरविल्यावर नळीला सरळ पट्टी लावून उजेडाकडे धरली म्हणजे फट दिसते. पट्टी चारी बाजूंनी फिरवून पाहावी. वरच्या जोडाशी, जेथे दोन नळ्या आडव्या भागात घट्ट बसविलेल्या असतात, तेथे केसासारखी रेघ किंवा ‘कट्ट’ असा आवाज असेल तर सायकल तेथेच उभी करावी. हातोडीने वा शिकंज्यात धरून नळी सरळ करून देणारे कारागीर भेटतात, आणि बाहेरून काम बेमालूमही दिसते. पण एकदा वाकून सरळ केलेला ॲल्युमिनियम कधी तुटेल ह्याचा भरवसा नसतो, आणि तो तुटतो तो उतारावर, सर्वांत मोठ्या धक्क्याला. असा चिमटा भंगारातच द्यावा. देण्यापूर्वी आतली हवा सोडावी, कारण भंगारवाला तो कापणार असतो आणि आत दाब आहे हे त्याला ठाऊक नसते.